सात जणांना आलेला फोन

कराडच्या बागेत सात मित्र रोज सकाळी एकाच बाकाशी जमत. माजी सभापती नानासाहेबांचा फोन वाजला, की ते स्पीकर लावत आणि हात वर करून बाकीच्यांना गप्प बसवत. जयवंतराव गुरवांची रंगात आलेली गोष्ट रोज अर्धीच राहायची.

एकदा नानासाहेबांचे व्याही फोनवर म्हणाले, "रविवारी आमरसाला या."

"येतो की. सातही जण येतो," जयवंतरावांनीच उत्तर दिलं.

नानासाहेब भडकले. "आमंत्रण मला आहे."

"असं होय? आम्हाला गप्प बसवून ऐकवलंत, म्हणून वाटलं, सगळ्यांनाच आहे."

फोनमधून व्याही खो-खो हसले. "आता सातही या. आंबे भरपूर आहेत."

सोमवारी फोन वाजला, तेव्हा नानासाहेब तो कानाला लावून पार कारंज्यापलीकडे गेले. जयवंतरावांची गोष्ट पहिल्यांदाच शेवटाला पोहोचली.