लिंबूरावांचा शेवटचा थेंब

गळ्याशपथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, फक्त तेव्हा माझा जन्म झाला नव्हता.

फार वर्षांपूर्वी पाण्याने भरलेल्या एका दगडी डोणीत बेडकाचं एक पिल्लू राहायचं. कुणीतरी भिंती रंगवल्या आणि चुन्याचा कुंचला त्याच पाण्यात खळबळला. पिल्लाचं अंग जळू लागलं. पाण्यात भिजत पडलेल्या हळदबाई चुना लागताच लालभडक झाल्या.

"घाबरू नकोस," डोणीवर झुकलेल्या फांदीवरचे लिंबूराव म्हणाले आणि स्वतःला पिळू लागले. पण लाल रंग काही हटेना. लिंबूराव चिडले. "हळदबाई, माझी काही किंमत आहे की नाही? थांबा, सगळाच रस ओततो!"

"चुना आहे तोवर मी लालच दिसणार. आता संपत आलाय तो. एकेक थेंब टाका."

पुढच्याच थेंबाला हळदबाई पिवळ्या झाल्या. पिल्लाने सुखाने शेपटी हलवली.

"बस!" हळदबाई ओरडल्या.

"बस कसलं? आत्ता कुठे गुण येतोय! अजून घे, बाळा!"

"काका," पिल्लू म्हणालं, "चुन्यापासून तुम्ही वाचवलंत. आता तुमच्यापासून कोण वाचवणार?"

लिंबूराव थांबले.

यातला चुना खरा, हळदीचा रंगही खरा. पिल्लू बोललं, तेही खरं धरा. लिंबूराव थांबले, तेवढं मात्र मी पदरचं घातलंय.