करंजपेठच्या नाटकगृहातलं पहिलं पद

करंजपेठच्या नाटकगृहात शिरताना डाव्या हाताला काळ्या दगडाची एक पाटी आहे. तिच्यावर एकही अक्षर नाही. देणगीदाराचं नाव कोरायचं राहून गेलं का, असं पाहुणे हमखास विचारतात. तिथले जुने राखणदार म्हादबा कोरे त्यांना आधी बाहेर लिंबाखाली नेतात आणि मगच सांगायला लागतात. आत ते नाव घेत नाहीत.

संगीत नाटकांना बहर होता तेव्हाची गोष्ट. दाजीबा खांबेट्यांची मंडळी इथे तट्ट्यांच्या मांडवात खेळ करायची. एका उन्हाळ्यात मांडव पेटला. पडदे गेले, शालू-शेले गेले, ऑर्गनची राख झाली. आपापल्या गावी जा, असं दाजीबा नटांना सांगणार, तोच शेजारच्या शेट्यांची मोलकरीण तानूबाई जोंधळ्याचं पोतं घेऊन आली. जोंधळ्याखाली सोनं होतं, दगडी नाटकगृह उभं राहील एवढं.

ते शेट्यांच्या विधवा सुनेचं, गौराक्काचं. माहेरी कुणीच उरलं नव्हतं म्हणून तिथलं सगळं तिच्याकडे आलेलं, आणि अंगावर घालायची तर सोय नाही. नाटकाला जायची त्याहून नाही. माडीच्या खिडकीतून पदं तेवढी ऐकू यायची.

“अक्कांनी सांगितलंय, नाव कुटं घेऊ नगा,” तानूबाई म्हणाली. “फकस्त पयलं पद दोनदा म्हणा. पयल्यांदा त्या मामंजींच्या पानावर वाढत असत्यात. जिना चढूस्तवर पद सरतंय.”

दाजीबांनी ऑर्गनच्या राखेवर हात ठेवून शब्द दिला.

नाटकगृह उभं राहिलं. एवढा पैसा गावात दुसऱ्या कुणाकडे असणार? लोकांनी शेट्यांना मुजरे करायला सुरुवात केली. शेटे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पहिल्या खेळाला ते नवं पागोटं घालून पुढच्या खुर्चीत येऊन बसले.

त्या काळी नांदी झाली की मालकाने पडद्यापुढे येऊन दात्याला शाल द्यायची रीत होती. दात्याचं नाव न घेता खेळ केला तर मंडळी बुडते, असं नट मानत. दाजीबांनी शाल आणली होती ती केवळ रीत म्हणून. नुसता नमस्कार करून ते मागे फिरणार होते. पण लोक ओरडले, शेट्यांना द्या. शेटे उठले आणि त्यांनी मान पुढे केली. ज्या बाईने अंधारात बसून एवढं दिलं, तिची शाल या गळ्यात घालायला हात उचलेना.

“ही शाल गौराक्कांची,” ते म्हणाले. “हे सगळं त्यांनी दिलंय.”

आपण न्याय केला, असंच त्यांना त्या घटकेला वाटलं म्हणे.

शेटे तसेच घरी गेले. पहिलं पद झालं, कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्यांदा सुरू झालं. दाजीबा विंगेतल्या झरोक्यातून माडीच्या खिडकीकडे पाहत होते. पद अर्ध्यावर असताना तिथला दिवा गेला. दुसऱ्या दिवशी गवंड्यांनी ती खिडकी विटांनी बुजवली. सुनेला माहेरी धाडली, असं शेटे सांगत. गौराक्का पुन्हा कुणाला दिसली नाही.

नाव कोरायचा दगड दाजीबांनी कोराच बसवला. मरेपर्यंत त्यांनी ते नाव उच्चारलं नाही. आपण कुणाचं काय केलं हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो शब्द परत घेता येत नव्हता. पुढच्या खेळाला पहिलं पद संपलं, तेव्हा पलीकडच्या भिंतीतून त्यांना लाकडी जिन्यावर पावलं ऐकू आली असं सांगतात. घाईची, भाताचे हात पदराला पुसत चढावीत तशी.

शेट्यांचं घर कधीच पडलं. तिथे आता सायकली लावतात. नाटकगृहाला मोठमोठ्या देणग्या येतात. परवाच एका कारखानदाराने सगळं छप्पर घालून दिलं, पण त्याचंही नाव कुठे लावलेलं नाही. आजही इथे पहिलं पद संपलं की कुणी टाळी वाजवत नाही. ऑर्गनवाला हात उचलून थांबतो. किती वेळ थांबायचं, हे त्याला कुणी शिकवत नाही. वरची पायरी वाजली की तो सूर धरतो.