सुगरणीची यादी

पाखरं दाणे टिपता टिपता संगणकाची जावा भाषाही टिपायला शिकली, त्या काळातली ही गोष्ट.

उन्हाळ्यात तळं आटत आलं. तळ्याचं राखणदार कासव म्हणालं, "वडावरच्या आणि चिंचेवरच्या पाखरांच्या याद्या एकत्र करा, अकारविल्हे लावून आणा. यादीत नाव असेल त्यालाच पाणी."

काम सुगरणीकडे आलं. कोकिळा म्हणाली, "अगं, जावाच्या पेटीत तयार अवजारं आहेत. 'अ‍ॅडऑल' याद्या जोडतं, 'सॉर्ट' क्रम लावतं. दोन ओळींत मोकळी होशील."

"तुझं काय बाई, जन्मभर दुसऱ्याच्या घरट्यावर निभावलंस!" सुगरण फणकारली. "मी काडीसुद्धा आयती घेत नाही."

दोन दिवस एकेक नाव शेजारच्या नावाशी ताडून पाहत तिने स्वतःचा प्रोग्राम विणला. वीण इतकी देखणी, की पाखरं तहान विसरून बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी कासवाने नावं पुकारली. कावळा प्यायला, कोकिळा प्यायली. साळुंकी प्यायली आणि यादी संपली.

"आणि मी?" सुगरणीची चोच कोरडी पडली. तिच्या विणीतून शेवटचं नाव गळलं होतं, आणि शेवटचं नाव तिचंच होतं.

कोकिळेने हसू दाबत त्या दोन ओळी लिहिल्या. नव्या यादीत तळाशी सुगरण होती.

पाणी पिऊन ती पुटपुटली, "ही आयती अवजारं विणली तरी कुणी?"

"असेल तुझ्यासारखीच एखादी सुगरण," कोकिळा म्हणाली. "पण तिच्या घरट्यात माझ्यासारख्या हजारजणी राहून गेल्यात, म्हणून भोकं बुजलीत."