इवलीचा शेवटचा घोट

सावनी कोंबडीमागे धावली. धप्पकन पडली. गुडघा सुजला. टम्म!

त्या गुडघ्यात, अगदी आत, राहत होती एक पेशी. मोहरीहूनही इवलीशी. म्हणून तिचं नाव इवली. इवलीला प्यायला हवा लागायची. तांबूदादा रक्तातून यायचा, पाठीवर हवा घेऊन. डुलुक डुलुक. आज तो आलाच नाही. इवलीकडे उरला एकच घोट. तो तिने पोटाशी धरला. हवा नाही मिळाली तर इवली कोमेजणार ना!

इवली निघाली. टुबुक टुबुक.

"तांबूदादा, तांबूदादा, हवा दे ना." तिने लांबूनच हाक मारली.

"कसा येऊ? वाटेत सूजमावशी बसलीय ऐसपैस. ती हलली, की मी येतो."

टुबुक टुबुक.

"सूजमावशी, सूजमावशी, सरक ना.
तांबूदादा येईना,
मला हवा मिळेना."

"मला शिपाईकाकांनी बसवलंय. ते हटले, की मी हलते."

टुबुक टुबुक. जंतू पकडणारे पांढरेशुभ्र शिपाईकाका गस्त घालत होते. धाड धाड.

"शिपाईकाका, शिपाईकाका, घरी जा ना.
सूजमावशी हलेना,
तांबूदादा येईना,
मला हवा मिळेना."

"जंतू तर कधीच पळाले. पण धोक्याची घंटा वाजतेय ना! घंटूमामा थांबले, की मी हटतो."

आणि घंटा कुठे होती? इवलीच्याच घरात! इवली घरी आली. टुबुक टुबुक. ठण ठण ठण!

"घंटूमामा, घंटूमामा, थांबा ना.
शिपाईकाका हटेनात,
सूजमावशी हलेना,
तांबूदादा येईना,
मला हवा मिळेना."

"माझा हात थांबतच नाही गं. आजोबांनी माझा हात धरला, की मी थांबतो."

म्हातारे आजोबा त्याच घरात कोपऱ्यात पेंगत होते. घुर्र घुर्र.

"आजोबा, आजोबा, उठा ना.
घंटूमामा थांबेनात,
शिपाईकाका हटेनात,
सूजमावशी हलेना,
तांबूदादा येईना,
मला हवा मिळेना."

आजोबांनी एक डोळा उघडला. "घोटभर हवा प्यायल्याशिवाय माझा हात उचलत नाही, पोरी. हवा मिळाली, की मी उठतो."

आता आली का पंचाईत! हवेसाठी हवेत आजोबा. आणि आजोबांना हवी हवा.

इवलीने पोटाशी धरलेला घोट पाहिला. शेवटचा होता. तिला रडू आलं.

"घ्या आजोबा," ती म्हणाली.

आजोबा प्यायले. गुटुक!

आजोबा उठले.
आजोबांनी हात धरला, घंटूमामा थांबले.
घंटूमामा थांबले, शिपाईकाका हटले.
शिपाईकाका हटले, सूजमावशी हलली.
सूजमावशी हलली, तांबूदादा आला. डुलुक डुलुक.

"घे इवले, पोटभर पी."

गुटुक गुटुक गुटुक. इवली पोटभर प्याली. एक घोट मात्र तिने राखून ठेवला. आजोबांसाठी.

तिकडे आई म्हणाली, "सावनी, सूज उतरली गं."

"मग कोंबडी कुठेय?" सावनीने विचारलं.

घंटा झाली गप्प, आता गोष्टही गप्प.