चवीची वही

एकदा एका नदीकाठच्या शाळेत एक शिक्षिका होती, कुमुद नावाची. महापूर येऊन गेल्यापासून ती बसली म्हणून नव्हती. वर्गातला चिखल उपसायचा, भिजलेली पुस्तकं उन्हात घालायची, ज्यांची घरं वाहून गेली त्या लेकरांना जवळ घ्यायचं, आणि त्यातच पाढेही घ्यायचे. आज एखादं पोर आपल्या हातून निसटेल, ही धास्ती तिला एका जागी ठरू देईना.

आणि एके दिवशी तिने एका मुलीच्या पाठीत धपाटा घातला. पाण्याचा तांब्या सांडला, एवढाच गुन्हा. मुलगी रडली नाही, नुसती बघत राहिली. कुमुदचा हात आजवर कधी मुलावर उठला नव्हता. तिने ठरवलं, आता शाळा सोडायची. जिच्या हाताखाली ती स्वतः शिकली, त्या थोरल्या बाईंना तिने घडलं ते कळवून तसा निरोप धाडला.

थोरल्या बाई दुसऱ्या दिवशी नेमक्या जेवणाच्या वेळी आल्या. मुलांची पंगत बसली होती, पानात खिचडी वाढून झाली होती.

"बाई, मला हे झेपत नाही. मी सोडते शाळा," कुमुद उभ्या उभ्याच बोलली. हातात डाव, नजर मुलांवर, पाय निघायच्या तयारीत.

"सोड की. मी कुठे धरलंय तुला? आधी ती चवीची वही आण."

मुलांच्या आधी शिक्षकाने घास खाऊन बघायचा आणि वहीत तसं लिहायचं, असा शाळेचा नियम. पुरानंतरच्या प्रत्येक दिवसापुढे कुमुदच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चव उत्तम'. घास मात्र तिने एकही घेतला नव्हता. वेळ कुठे होता?

थोरल्या बाईंनी वही चाळून मिटली. "पोरांनो, हात मागे. कुणी जेवायचं नाही."

चाळीस भुकेले हात थबकले. कुमुद भडकली. "अहो, काय करता हे? काहींच्या घरी चूलसुद्धा नाही उरली!"

"मग उभी का? बस त्यांच्यात. तू जेवलीस की ती जेवतील."

कुमुद धुसफुसत बसली. घास तोंडात घातला आणि तिला तो गिळवेना. खिचडी मिठाने कडू झाली होती.

"कधीपासून अशी आहे ही?" तिने मुलांना विचारलं.

धपाटा खाल्लेली मुलगीच हळूच म्हणाली, "पाच-सहा दिवस झाले, बाई. स्वयंपाकाच्या मावशी दोनदा मीठ टाकतात. घर गेल्यापासून त्यांच्या ध्यानात राहत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला अजून एक काम झालं असतं ना."

कुमुदने मान खाली घातली. खांदे हलू लागले.

"ऐकलंस?" थोरल्या बाई तिच्याजवळ टेकल्या. "आठ वर्षांची पोर खारट गिळून तुला जपतेय. संकट आलं की शिक्षक आधी स्वतःचं ताट सोडतो आणि त्याला त्याग म्हणतो. डोंबलाचा त्याग! घासच घेतला नाहीस, तर खारट कळणार कसं? स्वतःचा शीण जिला कळत नाही, तिला पोराचं दुःख कुठून कळणार? मग हात उठतो. तो दुष्टपणाने उठत नाही, हे मी जाणते. पण पाठीला लागतो तो तेवढाच."

त्यांनी पदर खोचला, मावशींना साधा भात टाकायला लावला आणि तो खिचडीत मिसळून पुन्हा वाढला. तोवर कुमुद त्या मुलीपाशी सरकली.

"चुकले गं मी."

"फार नव्हतं लागलं," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, "थोडं लागलं होतं."

कुमुद पोटभर जेवली. हात धुऊन आली आणि म्हणाली, "बाई, उद्या मी येत नाही. झोपणार आहे. परवा येते."

"ये. उद्याचे पाढे मी घेते. आणि मावशींनाही तुझ्या घरी ने, त्याही पडतील जरा."

शिक्षकाची झोप आणि शिक्षकाचं जेवण, हा त्याच्यापुढे बसलेल्या लेकरांचा हक्क आहे.