बॅटरीला लागली तहान

शेवंताकाकूंच्या घरी कोंबडीचं एक पिल्लू होतं. इवलंसं. पिवळंधमक. त्याला आई नव्हती. म्हणून काकू त्याला टोपलीत ठेवत आणि वर दिवा लावत. दिव्याची ऊब मिळाली की पिल्लू सुखात.

एकदा काय झालं, तिन्हीसांजेला वीज गेली. फुस्स. दिवा गेला. ऊब गेली. पिल्लू थरथरलं. कुडकुड कुडकुड.

पिल्लू म्हणालं, "दिवेदादा, दिवेदादा, मला ऊब मिळेना."

दिवा म्हणाला, "इन्व्हर्टर वीज देईल, तर मी पेटेन."

पिल्लू निघालं. तुरुतुरु तुरुतुरु. खिडकीपाशी इन्व्हर्टर होता. टीं टीं, टीं टीं.

"इन्व्हर्टरमामा, इन्व्हर्टरमामा, दिवा पेटेना, मला ऊब मिळेना."

इन्व्हर्टर म्हणाला, "वीज गेली की माझी पाळी. पण बॅटरी ताकद देईल, तर मी वीज देईन."

वीज गेल्यावर वीज देणारा? हा कुठला मामा? पिल्लू बुचकळ्यात पडलं. पण निघालं. तुरुतुरु तुरुतुरु. बॅटरी शेजारीच होती. जाडजूड. गळ्यात झेंडूचा सुकलेला हार.

"बॅटरीमावशी, बॅटरीमावशी, इन्व्हर्टर वीज देईना, दिवा पेटेना, मला ऊब मिळेना."

बॅटरी म्हणाली, "दसऱ्याला मला हळदकुंकू लावलं. हार घातला. पण पाणी कुणी दिलंच नाही. घसा कोरडा पडलाय बाळा. कॅन पाणी देईल, तर मी ताकद देईन."

पाणी प्यायचं बॅटरीने आणि पेटायचं दिव्याने? पिल्लू आणखी बुचकळ्यात पडलं. पण निघालं. तुरुतुरु तुरुतुरु. जिन्याखाली, केरसुणीमागे, बॅटरीच्या पाण्याचा कॅन होता. डुबुक डुबुक.

"कॅनकाका, कॅनकाका, बॅटरी ताकद देईना, इन्व्हर्टर वीज देईना, दिवा पेटेना, मला ऊब मिळेना."

कॅन म्हणाला, "मला कुठे हात आहेत? काकू मला उचलतील, तर मी पाणी देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. काकू स्वयंपाकघरात चाचपडत होत्या.

"काकू, काकू, कॅन पाणी देईना, बॅटरी ताकद देईना, इन्व्हर्टर वीज देईना, दिवा पेटेना, मला ऊब मिळेना."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हार घातला आणि पाणीच विसरले. पण कॅन कुठे ठेवलाय, अंधारात दिसेना. दिवा पेटेल, तर मी कॅन उचलेन."

तुरुतुरु तुरुतुरु. पिल्लू दिव्यापाशी आलं.

"दिवेदादा, दिवेदादा, काकूंना कॅन दिसेना, कॅन पाणी देईना, बॅटरी ताकद देईना, इन्व्हर्टर वीज देईना, दिवा पेटेना..."

दिवा म्हणाला, "अरे, दिवा तर मीच."

आता काय करायचं? दिव्याला हवा कॅन. कॅनला हवा दिवा. पिल्लाचं डोकं गरगर गरगर फिरलं. आता विचारायचं तरी कुणाला? थंडी तर वाढतच चालली. पिल्लाला रडूच आलं.

रडता रडता ते थांबलं. "काकूंना कॅन दिसेना. पण मला तर कॅन भेटला की."

तुरुतुरु तुरुतुरु. पिल्लू जिन्याखाली गेलं. कॅनला टेकून उभं राहिलं. आणि जोरात ओरडलं. चिव चिव, चिव चिव, चिव चिव.

काकू आवाजाच्या रोखाने आल्या. हात लांब केला. लागली केरसुणी. आणखी लांब केला. लागला कॅन.

काकूंनी कॅन उचलला. खिडकीपाशी अजून थोडा उजेड होता. तिथे कॅनने पाणी दिलं. बॅटरी पाणी प्यायली, गट गट गट. बॅटरीने ताकद दिली. इन्व्हर्टरने वीज दिली. दिवा पेटला, लख्ख. आणि पिल्लाला ऊब मिळाली.

पाणी प्यायली बॅटरी, आणि गरम झालं पिल्लू. असं कसं, ते पिल्लाला काही कळलं नाही. पण काकूंनी त्याला उचलून टोपलीत ठेवलं, आणि ते विचार करता करता गाढ झोपलं.

पिल्लाचा दिवा राहू दे. तुमचा मालवा.