मूळ खोडाचा दगड

“बाबा, यातलं मूळ खोड कोणतं ते एकदा सांगून टाका.”

रेवणबाबांनी मान वर केली नाही. ते उकिडवे बसून शेणमाती कालवत होते. शेजारी, आतल्या गाठी फोडून पोकळ केलेला एक लांब वेळू पडला होता.

“बाबा, विचारतोय मी.”

“मी कुठं बहिरा झालोय?”

जालिंदरनं तोंडातलं दातवण या गालातून त्या गालात घेतलं. मठात त्याच्याइतका जुना शिष्य दुसरा नव्हता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

वर वड पसरला होता. अख्खी जत्रा सावलीत बसावी एवढा. पारंब्यांची खोडं झालेली, त्या खोडांना पुन्हा फांद्या फुटलेल्या. नवखा माणूस मठाचं दार शोधत त्यातच फिरत राही. वड मठाच्याही आधीचा, एवढं सगळे सांगत. किती आधीचा, ते कुणालाच सांगता येत नसे.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब येणार होते. वडाला वारसा म्हणून जाहीर करणार होते. मठाच्या आदिपुरुषांनी ज्या खोडाला टेकून तप केलं, त्या मूळ खोडाशी दगड बसायचा होता. जालिंदरनंच तसा शब्द दिला होता. दगड घडून आला होता, पाराशी पडला होता. जागा तेवढी ठरायची होती.

“दक्षिणेचं खोड सगळ्यांत जाड आहे. तेच ना? मी तर रोज त्यालाच पाणी घालतो.”

“घाल की. त्यालाही तहान लागते.”

“म्हणजे ते नव्हे?”

“ते नव्हे.”

“मग मठाच्या दाराजवळचं?”

“ती तर माझ्या डोळ्यांदेखत टेकलेली पारंबी.”

जालिंदरचा आवाज चढला. “मग उद्या साहेबांना दाखवू काय? पंचक्रोशीत शब्द देऊन बसलोय मी!”

बाबांनी हात धुतले. धुनीपाशी गेले आणि मूठभर राख घेऊन आले.

“वाक.”

जालिंदर वाकला. बाबांनी अंगठ्यानं त्याच्या कपाळाला राख लावली.

“हे घे. मूळ खोड.”

“ही राख?”

“माझे गुरू लहान होते तेव्हा ते आतून पोकळ होऊन पडलं. धुनीला लावलं. मी आलो तेव्हा शेवटचा ओंडका जळत होता. या धुनीची राख आपण टाकत नाही. तू रोज लावतोस की.”

जालिंदरनं कपाळाला बोट लावलं. बोटाकडे बघत राहिला.

“आणि साहेब...?”

“त्यांनाही लाव.”

बाबांनी उरलेली राख शेणमातीत टाकली आणि पुन्हा कालवायला बसले.

“हे कशाला, बाबा?”

“ती फांदी बघ.”

पूर्वेची फांदी विहिरीवरून आडवी गेली होती, बैलाच्या पाठीएवढी रुंद. खाली लाकडाचा टेकू, टेकूला वाळवी. येत्या वावटळीत ती मोडणार, आधीच तोडून टाका, असं गाव म्हणत होतं.

“तिला पाय नाही,” बाबा म्हणाले. “एक पारंबी जमिनीला लागली की उभी राहील.”

“मग इतक्या वर्षांत लागली का नाही?”

बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“दातवण कुठलं?”

“त्याच फांदीच्या कोवळ्या पारंबीचं. तुम्हीच म्हणता, वडाच्या दातवणानं दात घट्ट राहतात.”

“राहिलेत खरे.”

जालिंदरनं वर पाहिलं. माणसाचा हात पोचतो तिथवर त्या फांदीला एकही पारंबी उरली नव्हती. सगळ्या एका उंचीवर खुडलेल्या... एकच शाबूत होती. हाताच्या जरा वर, करंगळीएवढी, टोकाला पिवळसर कोंब.

त्यानं तोंडातलं दातवण काढलं. कुठं टाकावं ते सुचेना. मुठीतच धरून उभा राहिला.

बाबांनी वेळूत शेणमाती भरली आणि पारंबीखाली तो उभा केला. कोंब एकदा वेळूच्या तोंडात शिरला की आतल्या आत जमिनीपर्यंत उतरणार होता. बाबांनी टाचा उंच केल्या. कोंबापर्यंत हात पोचेना. जालिंदरनं हात उंचावला. त्याचाही वीतभर कमी पडला.

“दगडावर काय कोरलंय रे?”

“‘मूळ वड.’ त्याखाली आदिपुरुषांचं नाव. त्याखाली तुमचं.”

“आणि त्याखाली?”

“...माझं.”

“बरं. जाड किती आहे?”

“असेल वीतभर.”

“लोटत आण इकडं.”

जालिंदर पाराशी गेला, दगडाला खांदा लावला. कलंडत, धापा टाकत त्यानं तो फांदीखाली आणला. कपाळावरची राख घामानं डोळ्यांत उतरली. त्यानं ती पुसली नाही.

वेळूजवळ त्यानं दगड थांबवला. अक्षरांवरची धूळ सवयीनं हातानं झाडली.

“बाबा... अक्षरं वर ठेवू?”

“खाली कर. तुझ्या पायांना रुततील.”